वीतभर मातीचा माळ

साताऱ्याहून दहिवडीकडे निघालं की पुसेगाव मागे पडता पडता डोंगर बुटके होत जातात आणि माळ पसरायला लागतो. शंभू महादेवाच्या रांगेचा हा पायथा. इथून पुढे माणदेश. रस्ता रुंद करताना कुठे कुठे टेकाड उभं कापलेलं असतं. अशा ठिकाणी गाडी बाजूला लावावी आणि ती कापलेली बाजू नीट बघावी. माळाची सगळी कहाणी वरून खाली तिथे उघडी पडलेली असते, आणि तिकीट लागत नाही.

सगळ्यात वर गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली तांबूस-करडी माती असते. वीतभर, कुठे कुठे तर नुसती चार बोटं. तीही निखळ माती नव्हे, तिच्यात सुपारीपासून नारळापर्यंतचे दगड मिसळलेले. तिच्याखाली मुरूम. पिवळसर, भुसभुशीत, कुदळीला दाद देणारा. मुरमात अधूनमधून गोल धोंडे रुतलेले दिसतात. त्यांना नखाने खरवडलं तर कांद्यासारखे एकाखाली एक पापुद्रे निघत जातात आणि शेवटी मुठीएवढा काळाभोर, घट्ट गाभा हाती लागतो. त्याच्याही खाली विहिरीवाल्यांना घाम फोडणारा काळा पाषाण.

हे गोल धोंडे नदीतून वाहत आलेले नाहीत. ते जागच्या जागी गोल झालेत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, थंड झाले आणि थंड होताना आक्रसून त्यांना उभ्याआडव्या भेगा पडल्या. या भेगांनी खडकाचे चौकोनी ठोकळे पाडले. मग पावसाचं पाणी भेगांतून उतरायला लागलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच अंगाने येतं, कडेवर दोन अंगांनी आणि कोपऱ्यावर तीन अंगांनी. साहजिकच कोपरे आधी झिजतात, मग कडा, आणि चौकोनी ठोकळा आतल्या आत गोल होत जातो. खडकातली खनिजं पाण्याशी संयोग पावून फुगतात, म्हणून बाहेरचा भाग पापुद्र्यांनी सुटतो. तो पापुद्रा कुस्करला की मुरूम, आणि मुरूम आणखी कुजला की माती. दगड कुजतो म्हटलं तर ऐकायला विचित्र वाटतं, पण घडतं तेच.

आता एक साधा हिशेब करून बघा. खडक सहा कोटी वर्षांहून जुना. त्याचं कुजणं तेव्हापासून चालू. मग माती वीतभरच का? एवढ्या काळात पुरुषभर, ताडभर व्हायला हरकत नव्हती.

पहिलं उत्तर सोपं आहे. माती तयार होते तशी निघूनही जाते. उतारावर पावसाचं पाणी थांबत नाही, ते बारीक कण घेऊन खाली जातं. वर उरतं ते जड, जाड आणि दगडगोट्यांचं. माळावरची वीतभर माती म्हणजे तयार होणं आणि वाहून जाणं यांच्यातली त्या क्षणाची शिल्लक. मात्र खरी गंमत दुसऱ्या उत्तरात आहे, आणि ते पहिल्यांदा सुचलं अमेरिकेतल्या अशाच एका कोरड्या, उघड्याबोडक्या मुलखात. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाचा भूशास्त्रज्ञ युटामधल्या हेन्री पर्वतात फिरला आणि १८७७ साली त्याने आपला अहवाल छापला. त्यात त्याने एक तर्क मांडला. खडकावर मातीचं जाड पांघरूण असेल तर पाणी, हवा, मुळं, ऊन-थंडीचा फरक यातलं फारसं काही खडकापर्यंत पोचत नाही आणि कुजणं मंदावतं. उलट खडक अगदीच उघडा असेल तर पाणी त्यावरून घसरून जातं, मुरायला थांबत नाही, म्हणून तिथेही कुजणं मंद. सगळ्यात वेगाने खडकाची माती होते ती पातळ मातीच्या थराखाली.

हा तर्क शंभरावर वर्षं तर्कच राहिला, कारण खडक किती वेगाने कुजतो हे मोजायचं कसं? कोणाच्या आयुष्यात मावणारा हा काळ नाही. अखेर उपयोगी पडले अंतराळातून येणारे विश्वकिरण. ते जमिनीत शिरले की खडकातल्या क्वार्ट्झमध्ये बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचे काही विशिष्ट समस्थानिक अत्यल्प प्रमाणात तयार होतात. किती साठले ते मोजलं की तो खडक किती वेगाने माती होत वर येतोय, हे काढता येतं. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर अर्जुन हाइमसाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजमाप केलं. जिथे माती पातळ तिथे खडक भराभर माती होत होता आणि माती जाड होत जाईल तसा वेग घटत होता.

माझ्या मते माळाकडे बघण्याची नजर इथेच बदलायला हवी. आपण हलकी जमीन म्हणजे भारी जमिनीची गरीब बहीण समजतो. पण माती जन्माला येते ती इथे. खालच्या काळ्या रानात ती फक्त मुक्कामाला असते.

माळावरची माती त्या काळ्या रानात कशी जाते, हे बघायला लांब जावं लागत नाही. डोंगराच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत जा. माथ्यावर कातळ आणि चार बोटं माती. उतारावर मुरमाड बरड. थोडं खाली, जिथे उतार मंदावतो तिथे मध्यम जमीन. अगदी तळाशी काळी भारी जमीन, पुरुषभर खोल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. वरपासून खालपर्यंत खडक एकच, तोच काळा पाषाण. पाऊसही एकच. फरक फक्त उताराचा. वरून पाण्याबरोबर बारीक चिकणमाती खाली आली, आणि खडकातून सुटलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यात विरघळून खाली उतरलं. जेफ्री मिल्न नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात पूर्व आफ्रिकेत उतारावरच्या मातीच्या अशा साखळ्या पाहिल्या आणि मग जगभर मातीचे नकाशे तसे काढले जाऊ लागले. आपल्या शेतकऱ्याला बरड, मध्यम, भारी हा क्रम कोणी नकाशावर दाखवायची गरज कधी पडली नाही.

आता पावसाकडे वळू. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून सरळ पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. ढग तेच, वारा तोच. सह्याद्री चढताना त्यांनी बहुतेक पाणी टाकून दिलेलं असतं. उरलेला पाऊस येतो तोही लहरीने. जूनमध्ये चार सरी, मग तीन आठवडे उघडीप, आणि सप्टेंबरात दोन दिवसांत महिनाभराचा.

अशा पावसात वीतभर माती किती पाणी धरत असेल? आकडेमोड सोपी आहे. माती २० सेंटिमीटर धरू. त्यात आकाराने ४० टक्के दगड आहेत, म्हणजे खरी माती भरली १२ सेंटिमीटर. मुळांना ओढून घेता येईल असं पाणी अशा मातीत साधारण १२ टक्के मावतं. म्हणजे सगळं मिळून चौदा-पंधरा मिलिमीटर. पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दिवशी गवत आणि ऊन मिळून चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतात. हिशेब झाला, तीन दिवस. चौथ्या दिवशी गवताने काय करायचं? खालच्या काळ्या रानात मीटरभर खोलीत दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी साठतं, म्हणूनच तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला शाळू पुढे एक थेंब न पडता निव्वळ ओलीवर निघतो. माळावर शाळू पेरणारा माणूस तुम्हाला भेटणार नाही. तिथे मटकी, हुलगा आणि फार तर बाजरी.

इथवर सगळं माळाच्या विरुद्ध गेलं. आता दगडांची बाजू ऐका.

मातीच्या प्रयोगशाळेत नमुना गेला की तो आधी दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात. वर राहिलेलं सगळं बाजूला टाकतात. जे चाळणीखाली पडलं तीच माती, असा नियम. त्यामुळे माळरानाच्या मातीचा अहवाल कधी कधी भलताच चांगला येतो. पालाश भरपूर, चुना भरपूर, सगळं ठीक. पण ते चाळणीखालच्या मातीचं. शेतात अर्धी जागा दगडांनी अडवलेली असेल तर एकरामागे त्या साठ्याचे निम्मेच धरायला हवेत. अहवाल वाचताना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तुमची जमीन दगडाळ असेल तर दगड किती, हे स्वतः लिहून नमुन्यासोबत द्या.

चाळणी दगडांना मोजत नाही, पाणी मात्र मोजतं. मोठ्या सरीचा थेंब ताशी तीसेक किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर आदळला की मातीचे बारीक कण उडतात, भोकं बुजतात आणि वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, धावतं. थेंब दगडावर आदळला तर फुटतो आणि दगडाच्या कडेने हळूच मातीत उतरतो. शिवाय पृष्ठभागाचा अर्धा भाग दगडांनी व्यापलेला असेल तर दहा मिलिमीटरची सर मधल्या मातीला जवळजवळ वीस मिलिमीटरची पडते, कारण दगडावरचं पाणीही तिलाच मिळतं. वरून दगडाची सावली आहेच. त्याखालची ओल उन्हाला सहजासहजी सापडत नाही. भर उन्हाळ्यात माळावर मोठा दगड पालथा केला तर खाली थोडा गारवा आणि हमखास एखादा जीव सापडतो.

मात्र दगड कसा बसलाय यावर सगळं अवलंबून. मातीवर नुसता टेकलेला दगड पाणी मुरवतो. पापडी धरलेल्या मातीत घट्ट रुतलेला दगड पाणी उलट पळवतो. गुरांच्या वर्दळीने तुडवलेल्या माळावर नेमकं हेच होतं. टेकलेले दगड खुरांनी आत दाबले जातात आणि त्यांच्याभोवती माती टणक होते.

हलक्या जमिनीचा आणखी एक गुण आहे आणि तो कोरड्या मुलखातच कळतो. काळ्या मातीत चिकण इतकी जास्त की ती पाणी आवळून धरते. कोरड्याठाक काळ्या रानावर पंधरा मिलिमीटरची सर पडली तर ती वरच्या पाच-सात सेंटिमीटरांत अडकते, आणि तिथलं बरंचसं पाणी माती मुळांना सोडतच नाही. चार दिवसांत ते उन्हात उडून जातं. तीच सर मुरमाड रानावर पडली तर दगडांमधून खाली उतरते आणि जवळजवळ सगळी मुळांच्या कामी येते. ‘हलक्या रानाला वाफसा लगेच येतो’ हे कोणताही शेतकरी सांगेल. इस्रायलचे परिसरशास्त्रज्ञ इमॅन्युएल नॉय-मेर यांनी १९७३ साली वाळवंटी परिसंस्थांबद्दल लिहिताना हाच नियम मांडला. ओलसर प्रदेशात भारी जमीन श्रेष्ठ, कोरड्यात मात्र जाडीभरडी जमीन वनस्पतींना जास्त पाणी देते. वळवाच्या पहिल्या सरीनंतर आठवड्याच्या आत माळ हिरवा दिसतो आणि खालचं काळं रान तसंच काळं राहतं, त्याचं कारण हे.

आणि मातीखालचा मुरूम? मृदा सर्वेक्षणात माती जिथे खडकाला टेकते तिथे खोली संपते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या प्रतवारीत २५ सेंटिमीटरच्या आतली जमीन ‘अतिउथळ’, ५० च्या आतली ‘उथळ’. कागदावर ते बरोबरच आहे. पण बोरीचं, हिवराचं, खैराचं मूळ त्या कागदाला जुमानत नाही. ते मुरमाच्या भेगांतून शिरत खाली जातं, आणि भेगांतल्या, कुजलेल्या खडकाच्या छिद्रांतल्या पाण्यावर जगतं. हे पाणी मातीत नसतं, भूजलातही नसतं. त्यामुळे बराच काळ ते कोणाच्याच खात्यावर चढलं नव्हतं. डॅनियला रेम्पे आणि विल्यम डिट्रिच यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका डोंगराळ जंगलात भोकं पाडून कुजलेल्या खडकातली ओल प्रत्यक्ष मोजली आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. तिथे वर्षाच्या पावसाचा २७ टक्क्यांपर्यंतचा भाग खडकातच साठत होता, आणि कोरड्या महिन्यांत झाडं त्यावर उभी होती. तो मुलूख वेगळा, खडक वेगळा, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इथे आणता येणार नाही. पण एप्रिलात, माती हाताला चटका देते तेव्हा, हिवर हिरवा कसा असतो याचं उत्तर याच दिशेने शोधावं लागतं. सीताफळ मुरमात गोड होतं, आटपाडी-सांगोल्याकडचं डाळिंब बरडावर साधतं, त्यातही या खालच्या मुरमाचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा वाटा आहे.

गवतांचं मात्र खाली जाऊन भागत नाही. त्यांना वरच्या वीतभरातच निभवावं लागतं आणि ती ते कसं निभवतात हा माळाचा सगळ्यात देखणा भाग. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातल्या गवताळ प्रदेशांची मांडणी केली, तेव्हा जवळजवळ सगळं द्वीपकल्प त्यांनी दोन गवतांच्या नावाने ओळखलं. पवन्या आणि मारवेल. पवन्या उथळ मातीच्या, खडकाळ उतारावर. मारवेल सपाट, खोल मातीत. दोन्ही उत्तम चारा. माळावर फार चराई झाली की ही दोन्ही मागे हटतात आणि कुसळी पुढे येते.

कुसळीचं एक बी घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पायजम्याला चिकटून ती आपणहून घरी येतातच. खालच्या टोकाला सुईसारखं अणकुचीदार टोक. त्यावर तांबूस केसांचा झुबका, सगळे केस वरच्या दिशेला वळलेले, म्हणजे आत घुसलेलं टोक मागे फिरणार नाही. वर बोटभर लांब काळपट कुसळ, दोरीसारखं पिळलेलं आणि मध्येच काटकोनात मुडपलेलं. आता तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. कुसळ पीळ उलगडत गरगर फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा उलटा पीळ घेतं. त्यात जिवंत काहीच नाही. वाळलेल्या पेशींच्या भिंती पाण्याने फुगतात आणि सुकून आक्रसतात, एवढंच. पण माळावर हे कुसळ एखाद्या दगडाच्या कडेला किंवा गवताच्या बुडख्याला अडकलं की फिरायचं काम बियाला करावं लागतं. रात्रीच्या दवाने एक पीळ, दिवसाच्या उन्हाने उलटा पीळ, आणि बी मातीत पेरलं जातं. पेरणीची इतकी नामी सोय अडकायला दगड नसलेल्या गुळगुळीत मातीवर चालली नसती.

मेंढपाळाला मात्र हे कौतुक परवडत नाही. कुसळ लोकरीतून कातडीत घुसतं, तोंडात जखमा करतं. म्हणून कुसळी कोवळी असतानाच चारायची, नाहीतर कुसळं गळेपर्यंत थांबायचं. माणदेशातले, फलटणकडचे धनगर पावसाळ्यात याच कोरड्या माळांवर असतात आणि पावसाळा सरला की मेंढरं घेऊन सह्याद्री उतरून कोकणाकडे जातात. कोकणातल्या पावसात मेंढीचे खूर कुजतात, आणि पावसाळ्यात माळाला गवत असतं. दोन्ही गोष्टी जुळतात. वाटेवरच्या गावांत रात्री शेतात मेंढरं बसवायची, त्याबद्दल शेतकऱ्याने धान्य किंवा पैसे द्यायचे, ही जुनी रीत. खत कुठून येतं ते मात्र ध्यानात घ्या. दिवसा माळावर चरलेलं गवत रात्री काळ्या रानात लेंडी होऊन पडतं. डोंगराची श्रीमंती पाण्यातून जशी खाली येते तशीच ती पोटातूनही येते. माळ देतच असतो, त्याला परत फारसं काही मिळत नाही.

तरी तो दिवाळखोर होत नाही. याचं कारण काळ्या पाषाणात वनस्पतींना लागणाऱ्या खनिजांची कमी नाही, आणि पातळ मातीखाली खडक सतत नवी खनिजं सोडत असतो. एकच गोष्ट खडक देऊ शकत नाही, ती नत्र. ती हवेतून यावी लागते. माळावर दगडांच्या आडोशाला मातीवर काळसर, कुरकुरीत पापडी दिसते. उन्हाळ्यात ती मेलेली वाटते. पावसाची सर आली की ती फुगते आणि हिरवी होते. हे नीलहरित जीवाणू, आणि त्यांच्यातले कितीतरी हवेतला नत्र बांधतात. बुटाच्या टाचेने ही पापडी मोडते आणि पुन्हा धरायला वर्षं लागतात.

ओरोपेटियम थोमियम नावाचं एक गवत तर त्याहून पुढे गेलंय. बोटभर उंचीचं, खडकावरच्या चिमूटभर मातीत उगवणारं, शास्त्रीय नावानेच ओळखलं जाणारं. पाऊस ओढला की ते मरत नाही. ते अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडून देतं, कुरकुरीत वाळतं, आणि पुन्हा सर आली की एका दिवसात हिरवं होतं. वर आपण जो तीन दिवसांचा हिशेब मांडला त्याला या गवताचं उत्तर असं आहे की चौथ्या दिवशी जगणं थांबवायचं, पाऊस आला की पुढे चालू. २०१५ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला. तो सुमारे २४.५ कोटी अक्षरजोड्यांचा निघाला, ज्ञात गवतांमधल्या सगळ्यात लहान संचांपैकी एक. माणसाचा ३०० कोटींच्या वर आहे. दुष्काळात तगणाऱ्या पिकांवर काम करणारे संशोधक आता या बोटभर गवताकडे बघतात.

सरकारी दप्तराने मात्र माळाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची नव्याने मोजणी आणि प्रतवारी सुरू केली. जमीन खणायची, खोली हातात मोजायची, रंग आणि पोत बघायचा आणि प्रत आण्यांत लावायची. पावणेदोन हात खोल काळी जमीन सोळा आणे. खोली घटेल तसे आणे घटत जात, आणि सगळ्यात खालची प्रत दोन आण्यांची. १८४७ च्या अहवालात हे नियम पक्के झाले आणि मुंबई इलाख्यात पसरले. सारा बसवायला पद्धत उत्तम होती. जिथे शाळू येतो तिथे सारा, हे न्याय्यच. पण दोन आण्यांची जमीन म्हणजे दोन आण्यांच्या किमतीचीच, हा समज तिच्यातूनच रुजला, आणि ‘पोटखराब’ हा शब्द सातबाऱ्यावर आजही आहे.

त्या समजाचे परिणाम आपण आता भोगतो. माळ पडीक, म्हणून त्यावर काहीही करायला मोकळीक. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लावायचा, नवं गवत चांगलं येतं म्हणून. येतंही, पण मे महिन्यातला वळीव नेमका त्या जळून उघड्या पडलेल्या मातीवर आदळतो. वर्षातले सगळ्यात जाड थेंब आणि वर्षातली सगळ्यात उघडी माती यांची गाठ आपण स्वतः घालून देतो. दुसरं, माळावर खड्डे खणून झाडं लावायची. झाड लावणं वाईट असं कोण म्हणेल? पण गवताळ माळाला जंगल समजून त्यावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावणं म्हणजे लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक आणि माळढोक यांचं घर मोडणं. बारामतीजवळ सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण तिथे चिंकारा टिकला तो झाडी दाट नाही म्हणून.

शेतात मात्र गोष्ट निराळी. बरडाची शेती करायची तर माती वाढवावीच लागते, आणि त्यासाठी कष्ट करणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ साली उभी राहिली ती मुद्दाम अशाच कातळाळ जागेवर. तिथे कातळ फोडून, मुरमात काळी माती मिसळून फळझाडं जगवण्याचे प्रयोग झाले. राज्य सरकारने २०१७ साली धरणांतला गाळ शेतात नेण्याची योजना आणली. हलक्या रानात गाळ टाकला की पाणी जास्त दिवस टिकतं, यात शंका नाही. तो गाळ म्हणजे डोंगरउतारावरून वाहून गेलेलीच माती, ट्रकभाडं देऊन परत आणलेली. ती वाहूनच जाऊ न देण्याचा खर्च यापेक्षा कमी पडतो. हिवरे बाजार या गावाने तेच केलं. डोंगरावर समतल चर खणले, मोकाट चराई बंद केली, गवत कापून न्यायला परवानगी ठेवली. पाऊस काही वाढला नाही, त्याची सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपासच राहिली; बदलली ती त्याच्याशी वागायची रीत.

गिल्बर्टचा तर्क इथे पुन्हा लागू होतो, आणि तो जरा भीतिदायक आहे. माती पातळ आहे तोवर खडक वेगाने माती देत राहतो. ती अगदीच निघून गेली, कातळ उघडा पडला, तर तो वेगही मंदावतो. म्हणजे चार बोटं मातीचा माळ आणि शून्य मातीचा कातळ यांच्यातलं अंतर चार बोटांचं नाही. एका बाजूने ते एका पावसाळ्यात ओलांडता येतं, आणि परत यायला माणसांच्या कितीतरी पिढ्या लागतात.

येत्या पावसाळ्यात माळावर जाल तर दगड जरूर उचलून बघा. पण सरळ हात घालू नका, फुरशाला ती जागा तुमच्याआधीपासून पसंत आहे. दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे उचला, म्हणजे आतलं जनावर पलीकडे निघतं आणि दगड तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो. बघून झालं की दगड होता त्याच जागी, होता त्याच बाजूने ठेवा. मातीत दाबून बसवू नका.